फोनवर होकार

९ जानेवारी

चि. ठमी,

आशीर्वाद. तुझं पत्र परवा आलं. पाकीट बघून मामी म्हणाली, "मामा-भाची दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसता आणि एकमेकांना तिकीट लावून पत्रं पाठवता. डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, सुतार घरी येऊन रंधा मारत बसतो का? तिला पटलं नाही. पत्र मात्र तिनंच आधी फोडून वाचलं.

तुझं काम आता नीट कळलं. अकरा प्रयोगशाळांचा एक संघ. प्रत्येकीचं आपापलं टेस्टबेड, म्हणजे मोडतोड करून बघता यावी म्हणून मुद्दाम बांधलेलं एक छोटं इंटरनेट. आणि तू करणार या सगळ्यांची मिळून एकच नोंदवही: कुठलं मशीन कुठे आहे, कोणाकडे आहे, कधीपर्यंत. ऐकायला सोपं, करायला कठीण. अगं, एकीकडे मशीनना नंबर असतात, दुसरीकडे ग्रहांची नावं, तिसरीकडे ज्याला जे सुचेल ते. आमच्याकडे तू शिकाऊ असताना एका सर्व्हरवर 'रुसूबाई' असं लेबल चिकटवलं होतंस, ते अजून तसंच आहे. नवीन आलेल्यांना वाटतं, हे काहीतरी तांत्रिक नाव असावं.

आता मुद्द्याचं. आमच्या प्रयोगशाळेसमोर 'जबाबदार व्यक्ती' म्हणून माझं नाव घालू का, असं विचारलंयस. नको. मी रॅक सांभाळतो, केबल ओढतो, पंखे बदलतो. मशीन कोणाला द्यायचं आणि कोणाकडून काढायचं हे आमच्या प्रमुख बाई ठरवतात. ज्याच्या हातात निर्णय नाही त्याचं नाव जबाबदार म्हणून लिहू नये. बाईंना विचार. त्या मेलला उत्तर द्यायला वेळ लावतात, पण देतात.

दर रविवारी दादाकडे जातो. गेल्या खेपेला त्यानं मला तीनदा विचारलं की मी नोकरी कुठे करतो. चौथ्यांदा विचारलं नाही, नुसता बघत राहिला. थोरला भाऊ आपल्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघतो तेव्हा काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

मामा

•

२० जानेवारी

ति. मामा,

नमस्कार. तुझं 'नको' पोचलं. खाली दोनदा रेघ मारली आहेस, म्हणजे त्यात बदल होणार नाही हे लहानपणापासून माहीत आहे.

इथे आम्ही तिघंजण एका खोलीत बसतो. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर पांढरा फळा ठेवलाय, कारण दुसरीकडे जागा नाही. फळ्यावर अकरा चौकोन आहेत. दहा हिरवे झाले, तुमचा एकटा लाल. बाईंना तीन मेल टाकल्या. एकीचंही उत्तर नाही. पाच फेब्रुवारीला सगळे प्रमुख बघायला येणार आहेत आणि तुमच्या बाईही त्यात असतील. स्वतःची प्रयोगशाळा लाल बघून त्या मलाच धारेवर धरतील.

रकाना रिकामा ठेवावा म्हटलं तर पान पुढेच जात नाही. जबाबदार व्यक्ती कोण, तिचा होकार कसा मिळाला, कोणत्या तारखेला, हे तिन्ही भरल्याशिवाय नोंद होत नाही. आणि हा नियम कोणाचा? माझाच. गेल्या वर्षी एका ठिकाणी चौदा मशीन आठ महिने नुसती गरम होत पडली होती. ज्यानं घेतली तो नोकरी सोडून गेला आणि मागायला कोणी नाही. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक मशीनला माणूस हवा. त्या माणसाला तीन सूचना जातील, आणि तिन्हींना उत्तर नाही आलं तर मशीन बेवारशी धरून, पुसून, रांगेतल्या पुढच्याला द्यायचं. सगळ्यांना नियम आवडला. आता तोच माझ्या गळ्यात अडकलाय.

काळजी नको, तुझं नाव घालणार नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकतीसला आहे. ते झालं की फोन करते.

तुझी ठमी

•

१४ फेब्रुवारी

चि. ठमी,

शाब्बास! बाई परत आल्या त्या तुझं कौतुक करतच. म्हणाल्या, "तुमची भाची काय बोलते हो! एक प्रश्न असा नाही की तिला उत्तर आलं नाही." मी आपला स्विचच्या मागे तोंड घालून उभा होतो, म्हणजे माझं तोंड कोणाला दिसू नये. मामीला सांगितलं तर म्हणाली, तुमच्यावर गेली नाही हे बरं झालं.

आमची प्रयोगशाळाही हिरवी दिसत होती म्हणे. म्हणजे शेवटी बाईंनी उत्तर दिलं तर! मी सांगितलं होतं ना, वेळ लावतात पण देतात.

ताईचा डोळा कसा आहे? तुझा फोन आला तेव्हा पट्टी होती. आता दिसायला लागल्यावर तिला घरातली जळमटं दिसतील आणि तुझी खैर नाही.

मामा

•

३ मार्च

ति. मामा,

पत्राला उशीर झाला. कामाचा नुसता डोंगर आहे. आईचा डोळा उत्तम. तू म्हणालास तसंच झालं, तिला पहिल्यांदा पंख्यावरची धूळ दिसली आणि मग मी.

हो, तुमचा चौकोन झाला हिरवा. शेवटच्या क्षणी जमवलं. त्यात थोडी दुरुस्ती करायची आहे, ती मी करेनच. आता आणखी वीस प्रयोगशाळा आत यायचं म्हणतायत, त्यामुळे बसायलाही फुरसत नाही. मोठे मामा कसे आहेत? मामीला सांग, तिचे नवे पडदे बघायला मी मे महिन्यात नक्की येईन.

ठमी

•

११ जून

चि. ठमी,

मे महिन्यात तू आली नाहीस. कामात असशील. आता जे लिहितोय ते वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा त्यात काही दोष नाही.

दोन जूनला सकाळी मी दार उघडलं तर तीन मशीन कोरी होती. बंद नाही, बिघडलेली नाही, कोरी. तुझ्या नोंदवहीनं त्यांना बेवारशी धरून पुसून टाकलं होतं आणि पुढच्या माणसाच्या नावावर केलं होतं. त्या तिन्हींवर आमच्या एका संशोधक मुलीचा प्रयोग चालू होता. आम्ही तिला घड्याळवाली म्हणतो. एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे निरोप पोचायला किती वेळ लागतो, हे ती दर मिनिटाला मोजत होती. एकोणीस महिने. पहिल्या अकरा महिन्यांची मोजमापं तिनं दुसरीकडे उतरवून ठेवली होती. पुढची आठ महिन्यांची गेली. ती ओरडली नाही, रडली नाही. खुर्ची ओढून त्या रॅकसमोर बसली आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत तशीच बसून होती.

चौकशी झाली. तुमची नोंद काढून बाईंनी माझ्यासमोर ठेवली. जबाबदार व्यक्ती: मी. होकार: फोनवर. तारीख: दोन फेब्रुवारी. मशीन कोण वापरतंय हे जबाबदार व्यक्तीनं भरायचं होतं, ते मी भरलेलं नाही. तीन सूचना गेल्या, तिन्हींना माझं उत्तर नाही. सूचना गेल्या त्या माझ्या जुन्या ईमेल पत्त्यावर, जो मी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं बंद केला. म्हणजे होकार देताना मी बंद पत्ता सांगितला.

ठमी, मला यातलं काहीही आठवत नाही. मला आठवतं ते 'नको' म्हटलेलं. पण तू फोन केला होतास हेही खरं, दोन तारखेलाच, आणि आपण बराच वेळ बोललो. मी 'हो' म्हणून गेलो असेन. पत्रात नको म्हटलं असलं, तरी तू अडचणीत होतीस आणि मी तुला कशाला नाही म्हटलंय आजवर?

एकच विचारतो. तुला आठवतं का, मी काय म्हणालो ते? बोलताना मी गोंधळलेला वाटलो का? दादाचं सुरुवातीला असंच झालं होतं. गॅसचं बुकिंग केल्याचं त्याला आठवेना आणि सिलिंडर दारात.

मामा

•

१९ जून

ति. मामा,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तू असं डोक्याला लावून घेऊ नकोस. त्या दिवसांत आपण दोघंही कामाच्या रगाड्यात होतो, फोनवर इकडचं तिकडचं खूप बोललो, कोणाच्याही लक्षात राहिलं नसतं. असं कोणाच्याही हातून होऊ शकतं. गोंधळलेला वगैरे मुळीच वाटला नाहीस. आणि मोठ्या मामांशी स्वतःची तुलना करायचं तर अजिबात कारण नाही.

त्या मुलीची मोजमापं परत मिळतात का, म्हणून मी इथल्या दोघांना कामाला लावलंय. आशा कमी आहे, पण बघतोय. तिला माझ्याकडून सॉरी सांग. नोंदवहीत आता चौथी सूचनाही घालणार आहोत, आणि ती फोनवरून असेल.

मला संघाच्या सगळ्या एकतीस प्रयोगशाळांचं काम दिलंय. पेढ्यांऐवजी हे पत्रच समज.

ठमी

•

२ ऑगस्ट

चि. ठमी,

बढतीबद्दल अभिनंदन. उशिरा लिहितोय. लिहायचं राहिलं की विसरलो, ते सांगता येत नाही, म्हणून मामीनं आता टेबलावर कागद लावलाय: 'ठमीला पत्र'.

घरभर कागद आहेत. गॅसवर, दारावर, औषधाच्या डब्यावर. मीच सांगितलं लावायला. डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी मला पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. मी चार सांगितले. ठीक आहे म्हणाले, या वयात चार म्हणजे ठीक. मी विचारलं, पाचवा कुठे गेला? ते हसले. मला हसू आलं नाही. पाचवा शब्द 'छत्री' होता. घरी येईपर्यंत मला तो आठवत राहिला, म्हणजे नको तेव्हा.

प्रयोगशाळेच्या किल्ल्या बाईंना परत केल्या. त्या नको म्हणत होत्या. मी म्हटलं, बाई, एकदा झालं. उद्या मी चुकून पाणी सोडून जाईन, एसी बंद करून जाईन. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, पण एक सप्टेंबरपासून मोकळं करा, असा अर्ज दिला आहे. घड्याळवालीची माफी मागितली. ती म्हणाली, "काका, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

दादाकडे आता एकटा जात नाही. मामी बरोबर असते. आम्ही दोघं भाऊ समोरासमोर बसतो आणि ती आम्हा दोघांवर लक्ष ठेवते. दादाला काही कळत नाही म्हणून तो मजेत आहे. मला कळतंय, हाच काय तो फरक.

आणखी एक. एवढ्या कष्टानं उभ्या केलेल्या तुझ्या नोंदवहीला माझ्यामुळे पहिला बट्टा लागला. तुला किती उत्तरं द्यावी लागली असतील. मला माफ कर, बाळ.

मामा

•

६ ऑगस्ट

मामा,

तू काहीही विसरलेला नाहीस.

आता सगळं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा हिंमत होणार नाही.

पाच फेब्रुवारीला सकाळी पावणेदहा वाजले होते. दहाला प्रमुख मंडळी येणार होती. बाहेर खुर्च्या लावण्याचा आवाज येत होता. तुमचा चौकोन लाल होता. मी उभ्यानंच पान उघडलं आणि तुझं नाव घातलं. पुढचा रकाना: होकार कसा मिळाला. तिथे तीनच पर्याय आहेत, लेखी, प्रत्यक्ष आणि फोनवर. लेखी तर माझ्याकडे तुझा नकार होता, दोन रेघा मारलेला. 'फोनवर' निवडलं, कारण फोनचा कागद मागे राहत नाही. तारीख दोन फेब्रुवारी घातली, कारण त्या दिवशी आपण खरंच बोललो होतो. अकरा मिनिटं. आईच्या डोळ्याची पट्टी आणि मामीचे पडदे. नोंदवहीचा विषयसुद्धा निघाला नाही.

पत्ताही मीच घातला. तुझा जुना पत्ता. नवा घातला असता तर पहिली सूचना तुला मिळाली असती आणि तू विचारलं असतंस. वाटलं, आजचा दिवस निभावू दे, उद्या बाईंना गाठून नाव बदलू. उद्या म्हणता म्हणता सूचना जायला लागल्या, आणि त्या आपोआप जातात, त्या मी पाहतही नाही.

दुसऱ्या कोणाचं नाव मी असं कधीच घातलं नसतं. परक्या माणसाचं नाव न विचारता घालायची मला भीती वाटली असती. तुझं घातलं, कारण मामा आहे, कळलंच तर रागावेल आणि सांभाळून घेईल. ही लाज मला सगळ्यात जास्त आहे.

जूनमध्ये तू सरळ विचारलंस, मी काय म्हणालो ते आठवतं का. मी उत्तर दिलं नाही. तुझं पत्र पुन्हा काढून बघ आणि माझंही. मी एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. शब्द निवडून निवडून लिहिले. त्यापेक्षा सरळ खोटं बोलले असते तर बरं होतं. मला वाटलं, थोडे दिवस जातील आणि तू विसरशील. हो, अगदी हाच शब्द माझ्या मनात आला होता.

तू माझी माफी मागितलीस. मामा, मी ते पत्र पुन्हा वाचू शकत नाही. जानेवारीतलं तुझं पत्र सोबत पाठवते आहे. अर्ज मागे घे. कागद काढून टाक. तुला काही झालेलं नाही.

ठमी

•

२० ऑगस्ट

ठमी,

तुझं पत्र मिळून दहा दिवस झाले. पहिले दोन दिवस मी आनंदात होतो, ते आधी सांगतो. मामीला हाक मारली, म्हटलं वाच. तिनं वाचलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "किती गुणाची पोर आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला."

मी जानेवारीचं पत्र दाखवलं. ती म्हणाली, हो ना, जानेवारीत नको म्हणालात, मग फोनवर हो म्हणाला असाल.

बाईंकडे गेलो. त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, माझ्यासाठी चहा मागवला आणि फार हळुवारपणे म्हणाल्या, "भाचीचा जीव आहे तुमच्यावर. तुम्ही आता आराम करा." डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं. 'झालेली चूक मान्य करत नाहीत.'

ओरडावंसं वाटलं. पण ओरडलो असतो तर तेही लिहिलं असतं.

आणि खरी गोष्ट सांगू? परवापासून मलाही वाटायला लागलंय. ठमी हे खरं लिहितेय की माझ्यावर दया करतेय? लहानपणी भावंडांची चूक तू अंगावर घ्यायचीस, मला माहीत आहे. जून महिन्यात तू म्हणालीस एक, ऑगस्टमध्ये म्हणतेस दुसरं. मी कुठलं खरं धरू? ज्या फोनवर मी स्वतः बोललो, स्वतः ऐकलं, त्यात काय झालं हे मला दुसऱ्याला विचारावं लागतंय. माझ्याच डोक्यात मी परका झालोय. हे तू केलंस. घड्याळवालीचे आठ महिने गेले ते मशीनमधले होते. माझे दोन महिने मी स्वतःकडे चोरासारखं बघत काढले. मी फार रागावलोय. सांभाळून वगैरे घेणार नाही.

मला पत्रातली माफी नको. जिथे तू 'फोनवर' असं लिहिलंस, तिथेच खरं काय ते लिही, सगळ्यांना दिसेल असं, तुझ्या नावानं. जिथे लिहिल्यानं तुझं नुकसान होईल तिथे लिही. दयेपोटी कोणी एवढं करत नाही. मग मला कळेल.

मामा

•

२५ ऑगस्ट

ति. मामा,

आज सकाळी संघाच्या सगळ्या प्रयोगशाळांना खालचा मजकूर गेला. नोंदीतही तोच घातला आहे, जुनी नोंद न खोडता, तिच्याखाली. तुला छापून पाठवते आहे.

'या प्रयोगशाळेसमोरची पाच फेब्रुवारीची नोंद खोटी आहे. ती मी केली. जबाबदार व्यक्ती म्हणून ज्या तंत्रज्ञांचं नाव आहे त्यांनी नऊ जानेवारीला लेखी नकार दिला होता. फोनवर होकार दिलेला नाही. दोन फेब्रुवारीच्या फोनमध्ये हा विषय निघालाच नव्हता. त्यांचा पत्ता बंद आहे हे मला माहीत होतं. तीन सूचना त्यांना मिळूच शकत नव्हत्या. त्यामुळे तीन मशीन पुसली गेली आणि एका संशोधिकेची आठ महिन्यांची मोजमापं नष्ट झाली. हे मला जूनमध्ये कळलं आणि मी अडीच महिने गप्प राहिले. त्या काळात दोष त्या तंत्रज्ञांवर आला. त्यांची काहीही चूक नाही. ते माझे मामा आहेत, आणि त्यांचं नाव न विचारता वापरण्याचं धाडस मला त्यामुळेच झालं.'

शेवटचं वाक्य आमच्या साहेबांनी काढायला सांगितलं होतं. मी ठेवलं.

दुपारी माझ्याकडून नोंदवहीचं काम काढून घेतलं. मी सुटले असं वाटेल म्हणून भीती होती, तसं काही वाटलं नाही. मला आता प्रत्येक प्रयोगशाळेला फोन करायचा आहे आणि प्रत्येक नोंदीसमोरच्या माणसाला विचारायचं आहे की तुम्ही खरंच हो म्हणाला होतात का. मशीनगणिक वेगळा माणूस धरून दोनशे चौदा नोंदी आहेत. आज सतरा झाल्या. त्यातल्या दोघांनी विचारलं, कसला होकार?

ठमी

•

९ सप्टेंबर

चि. ठमी,

मजकूर आमच्याकडे सगळ्यांनी वाचला. बाई स्वतः खाली आल्या. किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणाल्या, तीन मेलना मी उत्तर दिलं असतं तर हे झालं नसतं. त्यांना तेवढंच म्हणता आलं, पण म्हणाल्या. अर्ज फाडला. डॉक्टरांकडे मी तो कागद मुद्दाम घेऊन गेलो आणि त्यांच्याकडून आधीच्या ओळीवर काट मारून घेतली. मामी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. मी म्हटलं, मीच ठेवला नाही, तू कशी ठेवशील.

घड्याळवालीनं पहिल्या मिनिटापासून मोजायला सुरुवात केली आहे. तू तिला पत्र लिहिलंस ते तिनं वाचलं. उत्तर देणार नाही म्हणाली. मी तिला दे म्हणून सांगितलं नाही.

तुझं काम गेलं याचं मला वाईट वाटलं. ते काम तू चांगलं केलं होतंस. वाईट वाटलं तरी जे झालं ते बरोबर झालं असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

घरातले कागद मी काढले. मंगळवारी मामीनं बल्ब आणायला पाठवलं. मी साबण आणला, काडेपेट्या आणल्या, पिशवीभर काय काय आणलं, आणि बल्ब राहिला. लग्न झाल्यापासून मी हे करत आलोय, तुला माहीत आहे. मामी अशा वेळी पोट धरून हसते आणि आठवडाभर येईल त्याला सांगते. या वेळी तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली, एकेक वस्तू बाजूला ठेवली आणि पिशवीत पुन्हा हात घालून पाहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. कोणीच हसलं नाही.

"असू दे," ती म्हणाली, "मी आणते." आणि चपला घालून गेली.

तुला हे कळायला हवं, म्हणून लिहिलं.

मामा